पाय मुरगळला, एक्स-रे ‘नॉर्मल’, आणि तरी पाऊल मोडलेलंच

परळची_पायरी | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, पाय स्टुलावर आहे आणि वेळच वेळ आहे, म्हणून हा धागा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दादरच्या पुलाचा जिना उतरत होते. पाऊस, मागून लोंढा, एका हातात छत्री, दुसऱ्यात भाजीची पिशवी. जिना संपला असं वाटलं, पण एक पायरी उरली होती. उजव्या पावलाची बोटं दुमडली, टाच हवेत राहिली आणि अख्खं अंग त्या दुमडलेल्या चवड्यावर आलं. ‘कट्’ असा आवाज झाला. एवढ्या गोंगाटात मला तो कसा ऐकू आला कोण जाणे, पण आला.

घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. रात्रीचे साडेनऊ, समोर वीसेक माणसं, एकच तरुण डॉक्टर. मी म्हटलं, “पाय मुरगळलाय.” केसपेपरवर घोटा लिहिला गेला, घोट्याचा एक्स-रे झाला. “हाड ठीक आहे, लिगामेंट ताणलंय. क्रेप बँडेज बांधा, पाच दिवस गोळ्या घ्या.” सुटलो म्हणून घरी आलो. तिसऱ्या दिवशी तळव्याला, कमानीत, जांभळा डाग उमटला. सासूबाई म्हणाल्या, रक्त खाली उतरलंय, आंबेहळद लावू. लावली. सूज थोडी उतरलीही.

अठरा दिवस झाले तरी चवड्यावर भार देता येईना. टाचेवर चालायचे मी, बदकासारखी. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे पाहिलाच नाही आधी. अंगठ्याने पावलाच्या मध्यावर दाबलं आणि मी किंचाळले. मग दोन्ही पावलांचा उभं राहून एक्स-रे, मग सीटी स्कॅन. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमध्ये फट पडलेली. ‘लिसफ्रँक’ म्हणे. ऑपरेशन झालं, आत स्क्रू आहेत, बाहेर प्लास्टर आहे, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या चाळीत.

मला कोणाला शिव्या घालायच्या नाहीत. एवढंच विचारायचंय की हे पहिल्या रात्री कळलं असतं का? आणि कशावरून?

वडापाव_वगैरे | ३ ऑगस्ट, रात्री ९:५८

कोणतं नर्सिंग होम ते टाका ना. लोक सावध होतील.

परळची_पायरी | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

नाही टाकणार. नाव टाकलं की पुढच्या पन्नास प्रतिक्रिया त्यावरच येतील, पाऊल राहील बाजूला.

रात्रपाळी | ३ ऑगस्ट, रात्री ११:३२

ताई, आधी बऱ्या व्हा. मी अपघात विभागात बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात, त्यामुळे त्या तरुण डॉक्टरच्या खुर्चीत मला मीच दिसतो. माझ्या हातूनही एक निसटलंय, तेही सांगेन.

गडबड तुमच्या पहिल्याच वाक्यात झाली आणि त्यात दोष तुमचा नाही, आपल्या भाषेचा आहे. मराठीत कमरेपासून नखापर्यंत सगळा ‘पाय’च. पेशंट म्हणतो पाय मुरगळला, ऐकणाऱ्याच्या डोक्यात घोटा येतो, कारण मुरगळतो तो घोटा. कागदावर घोटा, फिल्मवर घोटा, आणि घोटा बिचारा ठणठणीत. खरं तर आपल्याकडे शब्दांची कमी नाही. घोटा, टाच, तळवा, कमान, चवडा, पाऊल. हे शब्द वापरले तर अर्धं निदान पेशंटच करून देईल.

म्हणून मी पेशंटला पहिलं वाक्य सांगतो, “एका बोटाने दाखवा.” पंजा फिरवून “इथे सगळीकडे” म्हणाले की थांबायचं, पुन्हा विचारायचं. मग मी माझ्या अंगठ्याने दाबत जातो, दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करून. आधी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाड (घोटा पिळवटला की कधी कधी मोड तिथे वर असते आणि कोणी बघतच नाही), मग घोट्याची दोन्ही टोकं, टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत, मग करंगळीकडच्या कडेवरचा उंचवटा, आतल्या कमानीच्या वरचं हाड, पावलाचा मध्य, शेवटी प्रत्येक बोट. दोन मिनिटं लागतात. वीस माणसं बाहेर असतात तेव्हा ही दोन मिनिटंच सगळ्यात आधी कापली जातात, हेही खरं.

तुमच्या बाबतीत खुणा तीन होत्या, त्यातल्या दोन पहिल्या रात्रीच हाताशी होत्या. एक, पडण्याची तऱ्हा. बोटं दुमडलेली आणि वरून वजन, ही घोट्याची तऱ्हा नव्हे, पावलाच्या मध्याची आहे. दोन, चवड्यावर उभं राहता न येणं. तीन, तळव्याचा डाग, पण तो तुम्हाला तिसऱ्या दिवशी दिसला आणि तोवर तुम्हाला परत बोलावणारं कोणी नव्हतं. कमानीत तळव्याच्या बाजूला जांभळं झालं की लिसफ्रँक नाही असं सिद्ध होईपर्यंत ते लिसफ्रँकच धरायचं. वरून रक्त उतरलं तर ते सहसा टाचेच्या कडेने, घोट्याखाली साचतं. तळव्याच्या मध्यात ते उगाच उमटत नाही.

कुलाबा_ते_कल्याण | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

हे लिसफ्रँक म्हणजे नक्की काय? माणूस की हाड?

रात्रपाळी | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

माणूस. झाक लिसफ्रँक, नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन. गंमत म्हणजे त्याने ही मोड सांगितलीच नव्हती. त्याने या सांध्यातून पाऊल कापायची पद्धत सांगितली होती. घोडेस्वार पडायचा, पाऊल रिकिबीत अडकून राहायचं आणि मधोमध उलगडायचं. त्याचं नाव सांध्याला चिकटलं, आणि मग सांध्याच्या दुखापतीला. आपल्याकडे घोडे गेले, रिकिबी गेल्या, जिन्याची शेवटची पायरी आणि रस्त्यातला खड्डा शिल्लक आहे. स्कूटर पायावर आडवी पडली तरी हेच होतं.

एका पावलात २६ हाडं. मागे टाच-घोट्याकडची सात ओबडधोबड हाडं, पुढे पाच लांब हाडं म्हणजे मेटाटार्सल, आणि त्यापुढे बोटांची १४. ओबडधोबड आणि लांब यांच्या शिवणीवर लिसफ्रँकचा सांधा. दुसऱ्या बोटाचं लांब हाड त्या शिवणीत मागे घुसून बसलेलं असतं, पाचर ठोकल्यासारखं. अख्ख्या कमानीला त्याने धरून ठेवलंय. आणि अंगठ्याच्या व दुसऱ्या बोटाच्या लांब हाडांच्या बुडांना आपापसात बांधणारा दोरच नाही. तिथे एकच जाड तिरका दोर आहे, मागच्या ओबडधोबड हाडांपैकी आतल्या ‘क्युनिफॉर्म’ नावाच्या हाडापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत. तो तुटला की पाचर निसटते. हाड एकही मोडलेलं नसतं कधी कधी, म्हणून एक्स-रे निर्दोष दिसतो. साधारण पाचातली एक अशी दुखापत पहिल्या भेटीत निसटते असं आमच्या पुस्तकांत सांगतात.

काळी_फिल्म | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

एक्स-रे खोलीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. दोन शब्द माझेही.

आम्हाला चिठ्ठीवर जे लिहून येतं ते आम्ही काढतो. घोटा लिहिलं तर घोटा. घोट्याच्या फिल्ममध्ये पावलाचा मध्य कोपऱ्यात, तिरका, एकावर एक चढलेला येतो. पावलाला तीन बाजू लागतात: वरून, तिरकी आणि बाजूने. तिरकी वगळली तर अर्ध्या मोडी लपतात. आणि लिसफ्रँक बघायचा तर उभं राहून, वजन टाकून, आणि दुसऱ्या पावलाचाही, तुलनेला. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हाडं आपापल्या जागी परत जाऊन निमूट बसतात. वजन आलं की फट उघडते. डॉक्टर लोक वरून घेतलेल्या फिल्मवर बघतात ती रेघ सांगतो: दुसऱ्या लांब हाडाची आतली कड आणि त्याच्या मागच्या मधल्या क्युनिफॉर्मची आतली कड एका सरळ रेषेत हवी. तिरक्या फिल्मवर चौथ्याची आतली कड आणि मागच्या चौकोनी हाडाची आतली कड. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट म्हणजे शंका. त्या फटीत भाताच्या कणीएवढा हाडाचा तुकडा दिसला तर शंकासुद्धा नको.

पहिल्या रात्री सुजलेल्या पायावर उभं कोण राहणार? नाही राहता आलं तर केसपेपरवर तसं लिहायचं आणि पाच-सात दिवसांनी परत बोलवायचं.

आणि कृपा करून फिल्मचा फोटो ट्यूबलाइटसमोर धरून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ट्यूबची पट्टी बरोबर मोडीवर येते. माझ्या भाच्याने असाच फोटो पाठवला होता, मी त्यात पंख्याचं पातं पाहिलं.

हाडवैद्याचा_नातू | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४४

एवढा सगळा खर्च आणि शेवटी स्क्रू. आमच्या आजोबांनी गावात हजारो पाय बसवले, नुसत्या हाताने. बोटाला कळायचं त्यांच्या. तुमच्या फिल्मला नाही कळत असं तुम्हीच म्हणताय.

रात्रपाळी | ४ ऑगस्ट, रात्री १०:५०

नातू, आजोबांच्या बोटाबद्दल मला आदरच आहे, वर मी बोटाचंच गुणगान केलंय. फरक पुढचा आहे. बोटाला दुखरी जागा कळते, पण आत तुकडा किती सरकलाय, सांध्यात मोड गेली आहे का, हे नाही कळत. आणि ताज्या दुखापतीवर चोळणं-ओढणं नको. तुटलेल्या दोरावर ओढ दिली की फट वाढते. नस दबलेली असेल तर आणखी वाईट. लेप लावा, हरकत नाही. जखम असेल तर तोही नको. घट्ट पट्ट्या बांधून बोटं निळी पडलेले पेशंट मी पाहिलेत, त्यात वैद्यांकडचे होते आणि आमच्याकडच्या प्लास्टरमधलेही होते.

हाडवैद्याचा_नातू | ४ ऑगस्ट, रात्री ११:१०

शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून गप्प बसतो.

पहाटेचा_पळपुटा | ५ ऑगस्ट, सकाळी ६:०५

मी पडलो नाही, मुरगळलं नाही, तरी मोडलं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत होतो, वरळी सी फेसवर. ऑक्टोबरपासून अंतर एकदम वाढवलं. पावलाच्या वरच्या बाजूला, आतल्या अंगाला, बारीक ठसठस. पळताना यायची, दुसऱ्या दिवशी जायची. एक्स-रे दोनदा नॉर्मल. “स्नायू आखडलेत” ऐकून महिनाभर पळलोच. शेवटी एमआरआयमध्ये नॅव्हिक्युलर नावाच्या हाडात चीर. सहा आठवडे प्लास्टर, जमिनीला पाऊल लावायचं नाही. मॅरेथॉन टीव्हीवर पाहिली.

रात्रपाळी | ५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

पळपुटे, हे हाड सगळ्यात लबाड. होडीच्या आकाराचं म्हणून नॅव्हिक्युलर, आपल्या ‘नौ’चाच नातलग शब्द. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा, आणि चीर नेमकी तिथेच पडते. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वर, मधोमध एका बोटाएवढ्या जागेत दाबून दुखलं आणि माणूस पळणारा किंवा उड्या मारणारा असेल, तर साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सोडायचं नाही.

मधल्या बोटांच्या लांब हाडांनाही ताणाने चीर जाते. ती मोड १८५५ साली प्रशियाच्या सैनिकांमध्ये प्रथम नोंदली गेली, म्हणून तिला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. आपल्याकडे सैनिक असायची गरज नाही. वर्षभर ऑफिसच्या खुर्चीत बसून एकदम मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्यांची पावलं आठवा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारेही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा असतो. मग हाड भरू लागतं आणि तो भराव ढगासारखा दिसतो, म्हणजे मोड भरायला लागल्यावर सापडते. ही सहसा सरळ बरी होते, कडक तळाचा बूट आणि चार-सहा आठवडे पळणं बंद. नॅव्हिक्युलरला तशी सूट नाही.

वडापाव_वगैरे | ५ ऑगस्ट, सकाळी ११:१२

माझ्या मित्राला डॉक्टर म्हणाले, “फ्रॅक्चर नाही, बारीक क्रॅक आहे.” मग तो लगेच बाइकवर.

काळी_फिल्म | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४०

क्रॅक म्हणजेच फ्रॅक्चर. हेअरलाइन म्हणजेही फ्रॅक्चर. पेशंट घाबरू नये म्हणून हा शब्द वापरतात आणि पेशंट खरंच घाबरत नाही, तिथेच घोळ होतो.

लेझीम_मास्तर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:००

गेल्या गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचताना पाऊल आत वळलं. करंगळीकडची कड सुजली. एकाने सांगितलं सहा आठवडे टेकवू नका, दुसरा म्हणाला बूट घाला आणि चाला. हाड तेच. कोणाचं ऐकायचं होतं?

रात्रपाळी | ५ ऑगस्ट, रात्री ११:५५

मास्तर, तुम्ही थोरांच्या पंगतीत आहात. लिव्हरपूलचे सर रॉबर्ट जोन्स यांचं स्वतःचं हेच हाड नाचताना मोडलं आणि १९०२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. ‘जोन्स फ्रॅक्चर’ त्यांचंच.

दोघेही डॉक्टर बरोबर असू शकतात, कारण एका सेंटिमीटरचा फरक आहे. करंगळीच्या लांब हाडाच्या अगदी टोकाचा तुकडा स्नायूच्या ओढीने निघाला असेल तर तो बहुतेक वेळा सुखाने जुळतो. बूट घाला, दुखेल तेवढं चाला. पण मोड जरा पुढे, चौथ्या आणि पाचव्या हाडांचा सांधा आहे त्या पातळीवर असेल, तर ती जोन्सची. तिथे दोन बाजूंनी येणारं रक्त दोन्हीकडून अपुरं पोचतं, टँकर-पाइपलाइन दोन्ही असलेल्या पण शेवटच्या टोकाच्या इमारतीसारखं. सहा ते आठ आठवडे वजन बंद, आणि तरी न जुळण्याची भीती. खेळाडूंना बऱ्याचदा सरळ स्क्रू घालतात. आणखी पुढे, दांड्यावर ताणाची चीर असते, ती आणखी चिवट. तेव्हा केसपेपरवर ‘पाचव्या मेटाटार्सलची मोड’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा, “बुडाला की पुढे?” त्या एका प्रश्नावर दीड महिना ठरतो.

सिगारेट ओढत असाल तर ती बंद. हाड भरायला उशीर लावणाऱ्या गोष्टींत ती वरच्या नंबरावर आहे.

गोरेगावची_आई | ६ ऑगस्ट, दुपारी १२:१८

माझ्या ११ वर्षांच्या मुलाचं सेम झालं. फुटबॉल. फिल्मवर करंगळीच्या हाडाच्या बुडाशी रेघ दिसते, एक म्हणतात मोड, एक म्हणतात वाढीची रेघ. तुम्ही फोटो बघाल का? (ट्यूबलाइट नाही, खिडकी आहे!)

रात्रपाळी | ६ ऑगस्ट, दुपारी २:०५

फोटोवर निदान करणार नाही, रागावू नका. एक खूण सांगतो, ती घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारा. वाढीची रेघ हाडाच्या लांबीला समांतर, उभी असते. मोड बहुधा आडवी जाते. शिवाय त्या रेघेवर दाबल्यावर दुखत नसेल तर ती निसर्गाची. मोठ्यांच्या पावलातही जास्तीची छोटी हाडं असतात, गोल, गुळगुळीत कडांची. त्यांना मोड समजून प्लास्टर घातलेले लोकही आहेत. मोडीची कड खरबरीत असते आणि तिथे दुखतं.

मुलांचं आणखी एक, धाग्याच्या बाहेरचं वाटेल पण नाही. अनवाणी खेळताना अंगठा दगडावर आपटला, नखाच्या मुळाशी रक्त आलं, नख वर उचललं गेलं. “नख गेलं, येईल दुसरं,” म्हणून पट्टी बांधतो आपण. त्याखाली वाढीच्या रेघेतून मोड असू शकते आणि नखाखालचं कातडं फाटलेलं असल्याने ती उघडी मोड ठरते. नीट धुणं आणि अँटिबायोटिक लागतं, नाहीतर हाडात पू होतो. त्याला एक्स-रे हवाच.

दोन_साखरेचा_चहा | ६ ऑगस्ट, रात्री ९:१०

वाचून धडधडतंय. बाबा ६८ वर्षांचे, वीस वर्षं मधुमेह. आठ दिवस डावं पाऊल लाल, गरम, सुजलेलं. दुखत नाही म्हणतात. इन्फेक्शन म्हणून गोळ्या चालू आहेत. रोज शिवडीच्या बाजारात चालत जातात.

रात्रपाळी | ६ ऑगस्ट, रात्री ९:२२

उद्या सकाळपासून चालणं बंद. बाजार बंद. उद्याच हाडांच्या किंवा मधुमेही पावलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘शार्को’ हा शब्द उच्चारा.

मज्जातंतू बधिर झालेल्या पावलात हाडं मोडतात, सांधे ढासळतात आणि पेशंटला कळत नाही. लाल-गरम-सुजलेलं म्हणून इन्फेक्शन किंवा गाउट वाटतं. पाय अर्धा तास उशीवर वर ठेवा. लाली बरीच उतरली तर शार्कोची शंका वाढते, इन्फेक्शनची लाली सहसा तशी जात नाही. दुसऱ्या पावलापेक्षा दोन अंश किंवा त्याहून जास्त गरम असणं ही आणखी एक खूण. पण या खुणांवर घरी निकाल लावू नका. जखम, ताप, पू असेल तर रात्रीच निघा. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. सुरुवातीचा एक्स-रे इथेही कोरा येतो.

आणि ‘दुखत नाही’ हे वाक्य मधुमेहात दिलासा नव्हे. दारू प्यालेला, डोक्याला मार लागलेला, बधिर पावलाचा, या तिघांच्या बाबतीत दाबून-दुखतं-का हा खेळ चालत नाही.

दोन_साखरेचा_चहा | ७ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

शार्कोच निघालं. जखम नाही. गुडघ्याखालपर्यंत पूर्ण पावलाला घट्ट बसणारं प्लास्टर घातलंय, दर आठवड्याला बदलणार, काही महिने चालेल म्हणाले. बाबा तुम्हाला विचारतायत की हे कोण डॉक्टर, यांना बाजार बंद करायचा अधिकार कोणी दिला.

कुलाबा_ते_कल्याण | ७ ऑगस्ट, रात्री ८:०८

डॉक, तुमचं निसटलेलं सांगायचं राहिलं.

रात्रपाळी | ८ ऑगस्ट, मध्यरात्री १:१५

सांगतो. विशीतला मुलगा, प्लॅटफॉर्मवर घाईत उतरताना पाऊल आत वळलं. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर दुखत नव्हतं. करंगळीच्या हाडावर नव्हतं. चार पावलं टाकली. कॅनडातल्या ओटावाचा १९९२ पासूनचा एक नियम आम्ही सगळे पाठ म्हणतो. पावलाच्या मध्यभागी दुखतंय आणि करंगळीच्या हाडाच्या बुडावर किंवा नॅव्हिक्युलरवर दाबून दुखतं, किंवा मार लागल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढा. लंगडत टाकलेली पावलंही धरतात. छान नियम आहे, हजारो फुकटचे एक्स-रे वाचवतो. त्याचं कामच ते. पावलातली प्रत्येक गोष्ट पकडणं हे त्याचं काम नव्हे, आणि मी त्याला ते काम दिलं.

नियमात बसत नाही, म्हणून पोराला ‘लचक’ सांगून घरी पाठवलं. त्याचं बोट मात्र एकाच जागी होतं, घोट्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं पुढे आणि किंचित खाली. टाचेच्या हाडाचं पुढचं टोक. सहा आठवड्यांनी तो तसाच लंगडत आला, बोट त्याच जागी ठेवून. मला म्हणाला, “सर, मी तेव्हापण इथेच दाखवलं होतं.”

तेव्हापासून ‘लचक’ हा शब्द मी सगळं नाकारून झाल्यावरच लिहितो. शंका असेल आणि फिल्म कोरी असेल, तर पेशंटला खरं तेच सांगतो: आज दिसत नाही, नाही असं नाही. कच्चं प्लास्टर किंवा बूट, कुबड्या, पाय छातीपेक्षा वर, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि आठवड्याने तारीख. तारीख केसपेपरवर ठळक. रात्रीच परत यायचं ते यासाठी: बोटं निळी-पांढरी किंवा बधिर, गोळी घेऊनही दुखणं वाढतच जाणं, मोडीवरचं कातडं ताणून पांढरं पडणं, पोटरी दुखून सुजणं, दम लागणं.

थरावरचा | ८ ऑगस्ट, सकाळी १०:४०

दहीहंडी जवळ आलीय म्हणून विचारतो. वरून पडून टाचेवर आपटलं तर?

रात्रपाळी | ८ ऑगस्ट, सकाळी १०:५५

दोन्ही टाचा बघायच्या, आणि पाठीचा कणा. उंचावरून टाचेवर पडलेल्याची कंबर तपासल्याशिवाय सोडायचं नाही, धक्का तिथपर्यंत जातो. उचलून खांद्यावर नाचवू नका, आडवा ठेवा, ॲम्ब्युलन्स बोलवा.

कुबडीवाली | ८ ऑगस्ट, दुपारी ४:३६

फिजिओथेरपिस्ट आहे. परळताई, तिसरा मजला कसा करताय ते कोणी विचारलंच नाही! चढताना आधी चांगला पाय, मग कुबड्या आणि दुखरा. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा, मग चांगला. मी पेशंटना पाठ करून देते: चढताना चांगला, उतरताना उणा. पाऊल टेकवायचं नसेल तर एका हाताने कठडा धरा, दोन्ही कुबड्या दुसऱ्या बगलेत. भार तळहातावर, बगलेवर नाही, नाहीतर हात बधिर होतो. पावसात कुबडीची रबरी टोपी पुसून घ्या. आणि फार घाबरलं तर बसून, एकेक पायरी मागे सरकत. चाळीतली पोरं हसतील, हसू द्या.

परळची_पायरी | ८ ऑगस्ट, रात्री ९:२०

बसूनच उतरते! पोरं हसत नाहीत, कुबड्या धरायला भांडतात.

आज टाके काढले. आणखी चार-पाच आठवडे वजन नाही, मग बूट, मग चालणं शिकायचं. डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांच्या आत आलात ते बरं झालं, जास्त उशिरा येणाऱ्यांची कमान बसलेली असते आणि मग सांधा जोडून टाकावा लागतो. सासूबाईंनी हा धागा मला मोठ्याने वाचायला लावला. तळव्याच्या डागापाशी गप्प झाल्या. मी म्हटलं, आई, डॉक्टरला नाही कळलं, तुम्हाला कुठून कळणार.

मुलुंडचा_मंग्या | ९ ऑगस्ट, रात्री ८:४७

रात्रपाळी, आहात का? आत्ताच आई रिक्षातून उतरताना खड्ड्यात पाऊल दुमडलं. हा धागा आठवला म्हणून एका बोटाने दाखव म्हटलं. पावलाच्या मध्यावर, वरच्या बाजूला ठेवतेय, तीनदा विचारलं, तीनदा तिथेच. टाचेवर उभी राहते, चवडा टेकवत नाही. तळवा अजून साफ आहे.

रात्रपाळी | ९ ऑगस्ट, रात्री ८:५१

चालवू नका. अंगठी-जोडवी आत्ताच काढा, सुजल्यावर निघणार नाहीत. दवाखान्यात ‘पाय’ म्हणू नका, ‘पाऊल’ म्हणा, आणि कसं दुमडलं ते सांगा. मधुमेह आहे का?

मुलुंडचा_मंग्या | ९ ऑगस्ट, रात्री ८:५३

नाही. जोडवी निघाली. शेजारच्यांची व्हीलचेअर मिळाली, निघतोय.